घरात नवा टीव्ही येतो तेव्हा

घर ही अल्लाहची देणगी आहे. पवित्र कुरआनमधील सूरह अन-नहलच्या ८० व्या आयतीत अल्लाहने आपल्या उपकारांची गणना करताना घराचा उल्लेख केला आहे आणि त्यासाठी 'सकन' हा शब्द योजला आहे. सकन म्हणजे विसावा; जेथे जीव स्थिरावतो ते ठिकाण. दिवसभराच्या धावपळीनंतर मनुष्य ज्या चार भिंतींच्या आत येऊन निःश्वास सोडतो, तेथील विसावा टिकवणे हे या देणगीबद्दलच्या कृतज्ञतेचेच एक रूप होय. म्हणून जी वस्तू वर्षानुवर्षे घरात राहणार आहे आणि घरातील प्रत्येकाच्या डोळ्यांशी व कानांशी जिचा रोजचा संबंध येणार आहे, ती आणण्यापूर्वी ईमानधारकाने थोडे थांबून विचार करावा, हे उचित आहे. सपाट पडद्याचा नवा टीव्ही ही अशीच एक वस्तू आहे.

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले. आपल्या वडीलधाऱ्यांना तो काळ आठवत असेल. एकच वाहिनी, ठरावीक वेळेचे कार्यक्रम, आणि रात्री ते संपले की पडद्यावर नुसत्या मुंग्या. टीव्ही किती पाहावा हे त्या काळी घरच्या माणसाला फारसे ठरवावेच लागत नसे. मर्यादा बाहेरूनच आखलेली असे. आजचा संच इंटरनेटला जोडलेला असतो. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. रात्रीचे दोन वाजले तरी त्याच्याकडचे दाखवणे संपत नाही. मर्यादा घालण्याचे जे काम पूर्वी प्रक्षेपण केंद्र करीत असे, ते आता घरच्या कर्त्या माणसावर येऊन पडले आहे. या लेखात सांगायचे आहे ते एवढेच, की जो हा संच घरात आणतो, त्याने त्याच्या मर्यादाही त्याच दिवशी घरात आणाव्यात.

पडद्यावरील चित्राविषयी उलमांमध्ये मतभेद आहेत, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे. काही उलमा पडद्यावरील सजीवांच्या दृश्याची गणना निषिद्ध चित्रांतच करतात आणि घरात टीव्ही नसावा असे सांगतात. अन्य उलमांच्या मते पडद्यावर उमटून नाहीसे होणारे दृश्य हे कागदावरील किंवा दगडातील स्थिर प्रतिमेपेक्षा आरशातील प्रतिबिंबाला अधिक जवळचे आहे. म्हणून या साधनाविषयीचा निर्णय त्याच्या वापरावर अवलंबून राहतो. ज्या घराने पहिल्या मताचा आदर करून टीव्ही आणलेला नाही, त्या घराला मागासलेले म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रस्तुत विवेचन ज्या घरांत टीव्ही आहे किंवा येऊ घातला आहे, त्यांच्यासाठी आहे.

गरज, शोभा आणि दिखावा

इस्लाम शोभेचा शत्रू नाही. सूरह अल-आराफच्या ३१ व्या आयतीत शोभा धारण करण्यास व खाण्यापिण्यास सांगितले असून त्याच आयतीत उधळपट्टीस मनाई केली आहे. पुढच्याच आयतीत, अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा निषिद्ध ठरवणारा कोण, असा जाब विचारला आहे. सूरह अल-फुरकानच्या ६७ व्या आयतीत रहमानच्या दासांचे वर्णन करताना ते उधळेही नसतात आणि कृपणही नसतात, तर या दोहोंच्या मधोमध चालतात, असे म्हटले आहे.

येथे उलमांनी दोन संज्ञांतील भेद दाखवला आहे. वैध गोष्टीवर आवश्यकतेपेक्षा अधिक खर्च करणे म्हणजे इसराफ, आणि अवैध गोष्टीवर खर्च करणे म्हणजे तबजीर. टीव्हीच्या बाबतीत बहुतेक घरांची घसरण इसराफपासून सुरू होते. दहा बाय बाराच्या खोलीत ४३ इंची संच पुरेसा असतो. त्याचा कर्ण सुमारे १०९ सेंटीमीटर भरतो आणि पाच-साडेपाच फुटांवरून तो नीट दिसतो. तरीही दुकानात गेल्यावर पासष्ट इंचांचा संच डोळ्यांत भरतो, कारण चुलतभावाच्या घरी पंचावन्न इंचांचा असतो. सूरह ताहाच्या १३१ व्या आयतीत इतरांना दिलेल्या ऐहिक वैभवाकडे नजर लांबवून पाहू नये, असा प्रेषितांना (सल्ल.) आदेश आहे. सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये प्रेषितांनी (सल्ल.) आपल्याला शिकवले आहे, की ऐहिक बाबतीत आपल्याहून वर असलेल्याकडे न पाहता खाली असलेल्याकडे पाहावे, त्यामुळे अल्लाहच्या देणग्या क्षुल्लक वाटत नाहीत. मराठीतील 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण याच शहाणपणाची आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. किंमत उतरणे ही ग्राहकाला सोयीची गोष्ट आहे, पण कर कमी झाला म्हणून गरज वाढत नाही. दुकानाकडे निघण्यापूर्वी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. या वर्षीची जकात अदा झाली आहे का? कोणा मजुराची मजुरी, कोणा नातलगाची उसनवारी, बहिणीचा वारसाहक्क आपल्याकडे अडकला आहे का? मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, असे प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले आहे. दुसऱ्याचा हक्क अडवून आणलेली वस्तू पाच हजारांची असो वा पन्नास हजारांची, तिच्यात बरकत नसते.

पैसा कोठून आला?

तिरमिजीमधील हदीसनुसार कयामतच्या दिवशी मनुष्याला संपत्तीविषयी दोन प्रश्न विचारले जातील : ती कोठून मिळवली आणि कशात खर्च केली. टीव्हीच्या खरेदीत हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात, कारण आज अनेक संच हप्त्यांवर विकले जातात.

उधारी स्वतः निषिद्ध नाही. माननीय आयेशा (रजि.) यांचे कथन बुखारीत आहे, की प्रेषितांनी (सल्ल.) एका यहुदी व्यापाऱ्याकडून उधारीवर धान्य घेतले आणि आपले लोखंडी चिलखत त्याच्याकडे गहाण ठेवले. मात्र ती उधारी घरच्या धान्यासाठी होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९० साली असा निर्णय दिला, की रोखीच्या किमतीपेक्षा अधिक किंमत ठरवून हप्त्यांनी वस्तू विकणे वैध आहे. परंतु सौद्याच्या वेळी एक किंमत निश्चित झाली पाहिजे आणि हप्ता चुकल्यास वर दंड आकारणे अवैध आहे, कारण तो दंड व्याजच ठरतो.

आता दुकानातील व्यवहार पाहू. समजा, एक संच रोखीने २८,००० रुपयांना मिळतो. तोच 'बिनव्याजी' हप्त्यांवर दरमहा २,५०० रुपयांप्रमाणे बारा महिन्यांसाठी दिला जातो. म्हणजे ३०,००० रुपये होतात आणि वर प्रक्रिया शुल्क. रोखीच्या ग्राहकाला मिळालेली दोन हजारांची सूट हप्तेवाल्याला मिळाली नाही. ती पैसे पुरवणाऱ्या वित्त कंपनीकडे वळली. कित्येकदा कर्जाच्या कागदावर व्याजाचा दर स्पष्ट छापलेला असतो आणि तेवढी रक्कम विक्रेता सवलत म्हणून आधीच वजा करतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना दिलेल्या सूचनेत शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे म्हटले होते आणि अशा योजनांत व्याजाचा भाग बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने ग्राहकावर टाकला जातो, याकडे लक्ष वेधले होते. जे बँकांच्या नियामकाला दिसते, ते कुरआन मानणाऱ्याला दिसू नये काय?

म्हणून तीन प्रकार वेगवेगळे ओळखावेत. दुकानदार स्वतः आपला माल निश्चित किमतीला उधार विकत असेल आणि दंडाची अट नसेल, तर तो व्यापार आहे. वित्त कंपनी पैसे कर्जाऊ देऊन अधिक परत घेत असेल, तर ते व्याज आहे; सूरह अल-बकराच्या २७५ व्या आयतीने व्यापार वैध आणि व्याज निषिद्ध ठरवले आहे. तिसरा प्रकार 'बिनव्याजी' नावाचा. त्याचा कागद स्वाक्षरीपूर्वी वाचावा, त्यात व्याजाचे कलम व विलंबदंड आहे का ते पाहावे आणि तो कागद घेऊन जाणकार मुफ्तींना विचारावे. केवळ जाहिरातीतील नावावर विसंबू नये. सूरह अल-बकराच्या २७९ व्या आयतीत व्याज न सोडणाऱ्यांना अल्लाह व त्याच्या प्रेषितांकडून युद्धाचा इशारा दिला आहे. घर नाही, औषध नाही, अशा अगतिकतेत सापडलेल्या माणसाची गोष्ट निराळी. करमणुकीच्या एका वस्तूसाठी हा इशारा अंगावर घेणे कोणत्या शहाणपणात बसते?

कर्जाचे ओझे किती जड, हे माननीय सलमा बिन अकवा (रजि.) यांच्या हदीसवरून समजते. एक जनाजा आणला गेला. मृतावर कर्ज होते आणि मागे काही शिल्लक नव्हती. प्रेषितांनी (सल्ल.) स्वतः नमाज पढवण्यास नकार देऊन सोबत्यांना ती पढण्यास सांगितले, माननीय अबू कतादा (रजि.) यांनी कर्जाची जबाबदारी घेतली, तेव्हाच त्यांनी नमाज पढवली. 'ऋण काढून सण' ही आपल्या भाषेत थट्टेची म्हण असली, तरी तिच्या तळाशी ही गंभीर गोष्ट आहे.

मग मार्ग कोणता? थांबणे. दरमहा तीन हजार बाजूला ठेवले, तर दहा महिन्यांत तीस हजार जमतात. आपल्या मोहल्ल्यांत स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या भिशी चालवत आल्या आहेत. ज्या भिशीत प्रत्येकाला भरली तेवढीच रक्कम पाळीने मिळते, ती परस्परांना दिलेल्या बिनव्याजी उसनवारीसारखी आहे. बोली लावून कमी रकमेत उचलण्याची लिलाव भिशी मात्र वेगळी. तिच्यात व्याज शिरते.

जुना संच

नवा संच घेताना जुना अदलाबदलीत दिला जातो किंवा कोणाला विकला जातो. त्यात दोष असेल तर तो सांगूनच विकावा. धान्याच्या ढिगात हात घालून आतील ओल दाखवणाऱ्या आणि फसवणारा आमच्यातील नव्हे असे बजावणाऱ्या प्रेषितांचे (सल्ल.) आपण अनुयायी आहोत. फुगीर काचेचा जुना डबा बंद पडला असेल, तर तो नाल्यात किंवा मैदानात टाकू नये. त्या काचेत शिसे असते आणि ती फुटून मातीपाण्यात मिसळणे अपायकारक आहे. ई-कचऱ्याविषयीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि अधिकृत संकलनाची सोय अनेक शहरांत आहे. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हीसुद्धा ईमानची एक शाखा आहे, हे ज्याला ठाऊक आहे, तो अशी वस्तू रस्त्यात टाकणार नाही.

भिंत निवडताना

संच बसवणारा कारागीर विचारतो, 'कोणत्या भिंतीवर लावू?' उत्तर देण्याआधी किब्ल्याची दिशा आठवावी. महाराष्ट्रात किब्ला पश्चिमेकडे आहे. पुष्कळ घरांत तीच भिंत मोकळी असते म्हणून तिच्यावर टीव्ही टांगला जातो आणि मग घरातील स्त्रिया पाचही वेळा त्याच्याच समोर मुसल्ला अंथरतात. बंद पडदाही अगदी निरुपद्रवी नसतो. काळ्या आरशासारखा तो नमाज पढणाऱ्याची प्रत्येक हालचाल तिलाच परत दाखवतो.

या बाबतीत दोन हदीस मार्गदर्शक आहेत. प्रेषितांनी (सल्ल.) एकदा नक्षीदार चादर पांघरून नमाज अदा केली. नक्षीकडे लक्ष गेल्यामुळे नमाजनंतर त्यांनी ती चादर माननीय अबू जहम (रजि.) यांच्याकडे परत पाठवली आणि त्यांच्याकडची साधी चादर मागवली. दुसऱ्या प्रसंगी माननीय आयेशा (रजि.) यांच्या घरातील चित्रांचा पडदा त्यांनी काढायला सांगितला, कारण त्यावरील चित्रे नमाजमध्ये सतत समोर येत होती. ज्यांच्या एकाग्रतेला तोड नाही, त्यांनी एका कापडाची दखल घेतली. मग आपण पडद्याची दखल का घेऊ नये?

'घरात जागाच नाही' असे कोणी म्हणेल. माननीय आयेशा (रजि.) सांगतात, की प्रेषित (सल्ल.) रात्री नमाज पढत असताना त्या समोर निजलेल्या असत, सजद्याची वेळ आली की प्रेषित (सल्ल.) हलकेच स्पर्श करीत आणि त्या पाय आखडून घेत. त्या काळी घरांत दिवे नसत, असेही त्या नमूद करतात. इतक्या लहान खोलीत ती नमाज अदा होत असे. तेव्हा जागेच्या अडचणीवर उपाय निघतो. टीव्ही दुसऱ्या भिंतीवर लावावा. ते शक्य नसेल तर नमाजच्या वेळी त्यावर कापड टाकावे किंवा मुसल्ला दुसऱ्या कोपऱ्यात अंथरावा.

भिंतीपलीकडे शेजारी असतो, हेही विसरू नये. चाळीत आणि इमारतीत एकच भिंत दोन घरांची असते. पलीकडे कोणी आजारी असेल, कोणाची परीक्षा असेल, कोणी रात्रपाळी करून निजला असेल. जिब्रील (अलै.) शेजाऱ्याविषयी इतकी ताकीद देत राहिले, की तो वारस ठरेल की काय असे प्रेषितांना (सल्ल.) वाटू लागले. शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या झोपेचा हक्क आपल्या आवाजाच्या बटणावर अवलंबून असतो.

वेळेची राखण

आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांच्या बाबतीत बहुतेक लोक तोट्यात राहतात, अशी हदीस बुखारीत आहे. टीव्हीचा पहिला हल्ला फुरसतीवरच होतो. सायंकाळी साडेसातला सुरू होणारा आयपीएलचा सामना एप्रिल-मे महिन्यांत नेमका इशाच्या जमाअतवर येतो. 'हे एवढे षटक संपू दे' म्हणता म्हणता मशिदीतील सफ उठून जाते. सूरह अल-जुमुआच्या अखेरच्या आयतीत अशाच एका प्रसंगाचा उल्लेख आहे : व्यापारी काफिला आला, लोक त्याकडे धावले आणि प्रेषितांना (सल्ल.) उभे सोडून गेले. अल्लाहजवळ जे आहे ते करमणुकीहून व व्यापाराहून उत्तम आहे, ही त्या आयतीची शिकवण आहे.

प्रेषितांना (सल्ल.) इशापूर्वी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारीत बसणे पसंत नव्हते. या एका सुन्नतवर घराचे वेळापत्रक उभे राहू शकते : अजान झाली की पडदा बंद, आणि इशानंतर ठरावीक वेळेला संच बंद. फजरची नमाज सकाळी सुटत नाही. ती बहुधा आदल्या रात्रीच सुटलेली असते. नव्या संचात एका भागानंतर दुसरा आपोआप सुरू होण्याची सोय बंद करता येते. ती पहिल्याच दिवशी बंद करावी.

रमजानमध्ये मक्केतील तरावीहचे थेट प्रक्षेपण अनेक घरांत लावले जाते. ते पाहून मन हेलावते, हे खरे. मात्र पडद्यावरील इमामांच्या मागे घरी नमाज बांधणे योग्य नाही. आपल्या उलमांच्या मते अशी जमाअत होत नाही. आपली मशीद आणि आपला मुसल्ला आपली वाट पाहत असतात.

डोळे, कान आणि मन

सूरह अल-इसराच्या ३६ व्या आयतीत श्रवण, दृष्टी आणि अंतःकरण या प्रत्येकाविषयी विचारणा होईल असे सांगितले आहे. सूरह अन-नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश आधी पुरुषांना आणि मग स्त्रियांना दिला आहे. मुलींच्या मालिकांवर डोळे वटारणाऱ्या वडिलांनी आपल्या हातातील रिमोटकडेही पाहावे. बातम्यांच्या मध्ये येणाऱ्या जाहिरातीसुद्धा या आदेशातून सुटत नाहीत.

बातम्या पाहण्यात गैर नाही. जगाचे भान ईमानधारकाला असावेच. पण वृत्तवाहिन्यांवरील आरडाओरड्याच्या चर्चा रात्रभर ऐकून आपल्या समाजातील कितीतरी घरांत भय, चीड आणि निराशा साचत चालली आहे. सूरह अल-हुजुरातची सहावी आयत बातमीची शहानिशा करायला सांगते आणि बारावी आयत संशय, टेहळणी व निंदा यांपासून रोखते. अर्धा तास बातम्या ऐकाव्यात, मग पडदा बंद करून आपल्या हातून मोहल्ल्यासाठी काय होईल याचा विचार करावा. दोन तासांच्या संतापातून एकाही गरजूचे काम होत नाही.

आणखी दोन गोष्टी. पैसे न भरता चोरट्या मार्गाने वाहिन्या व चित्रपट दाखवणारी साधने बाजारात मिळतात. ग्रंथकार, संशोधक आणि व्यवसाय यांचे हक्क शरीअतने संरक्षित आहेत, असा निर्णय वर उल्लेखलेल्या फिकह अकादमीने १९८८ साली दिला आहे. चोरून घेतलेले प्रवचनही चोरीचेच, आणि आकडा टाकून घेतलेल्या विजेवर चालणारा टीव्हीही त्याच सदरातला. दुसरी गोष्ट घराच्या खाजगीपणाची. आपण काय पाहतो याची नोंद काही स्मार्ट संच ठेवतात. अमेरिकेत २०१७ साली एका टीव्ही कंपनीला, ग्राहकांच्या संमतीविना सुमारे १ कोटी १० लाख संचांवरून अशी माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात, २२ लाख डॉलर मोजावे लागले. ज्या धर्माने परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकण्यास मनाई केली, त्याच्या अनुयायांनी आपल्या घराची दारेही जपावीत. सुरुवातीच्या जोडणीत 'मान्य आहे' हे बटण डोळे मिटून दाबू नये.

मुले आणि वडीलधारी

तुमच्यातील प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, ही हदीस आपण नेहमी ऐकतो. राखणदार कळपाबरोबर असतो. मुलाला पडद्यासमोर बसवून आपण मोबाईल घेऊन दुसऱ्या खोलीत जाणे ही राखण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या आतील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एका तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये. पडदा पाहत घास भरवणे सोपे वाटते, पण 'बिस्मिल्लाह' म्हणण्याचे, उजव्या हाताने आणि आपल्या पुढ्यातले खाण्याचे शिक्षण ज्या जेवणात मिळायचे, ते जेवणच त्यात हरवते.

मनोरंजनाविषयी प्रेषितांचे (सल्ल.) वर्तन कसे होते? ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करीत होते. प्रेषितांनी (सल्ल.) माननीय आयेशा (रजि.) यांना आपल्या मागे उभे करून तो खेळ दाखवला आणि त्यांचे मन भरेपर्यंत स्वतः उभे राहिले. या हदीसमधून निर्दोष करमणुकीची मुभा दिसते, हे सर्वजण सांगतात. तिच्यातील दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते : घरातील थोर व्यक्ती सोबत उभी होती. मुलांबरोबर बसून एखादा चांगला माहितीपट, एखादा सामना पाहावा, पाहिलेल्यावर बोलावे. पालकांचा सांकेतिक क्रमांक संचात अवश्य घालावा, पण मुलाचे खरे कुलूप त्याच्या मनात बसते आणि ते सहवासाने बसते.

घरात वृद्ध आई किंवा वडील असतील, तर त्यांचा विचार वेगळा करावा. गुडघे थकलेले, दृष्टी मंदावलेली, नातवंडे शाळेत आणि सून कामावर. अशा माणसाला दुपारी टीव्हीचा आवाज हीच सोबत वाटते. दीनचा नवा उत्साह लाभलेला एखादा तरुण घरी येऊन केबल तोडतो, संच फोडतो, आणि आई पदर डोळ्यांना लावते. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू फोडण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? आईवडिलांना 'उफ्'सुद्धा म्हणू नये, ही सूरह अल-इसराची आज्ञा त्याच दीनची आहे. आईच्या मालिकेची जागा मोकळी करायची असेल, तर त्या जागी मुलाला स्वतः जाऊन बसावे लागेल. रोज तासभर तिच्याजवळ बसावे, तिला कुरआन ऐकवावे, तिच्या माहेरच्या गोष्टी ऐकाव्यात. सोबत मिळाली की पडद्याची ओढ हळूहळू उतरते.

पहिल्याच दिवशी

वाचकहो, तुमच्या घरी नवा संच यायचा असेल, तर तो येईल त्या संध्याकाळी घरातील सर्वांना एकत्र बसवा. अजान झाली की बंद, जेवताना बंद, इशानंतर अमुक वाजता बंद, मुलांनी एकट्याने पाहायचे नाही, आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल इतका आवाज नाही, अशी चार-पाच कलमे सर्वांच्या विचाराने ठरवा. सल्लामसलतीने कामे करणे हा ईमानधारकांचा गुण सूरह अश-शूरामध्ये सांगितला आहे. मुलांनाही बोलू द्या. आणि ठरलेले नियम सर्वांत आधी कर्त्या माणसाने पाळावेत. संच आधीच आलेला असेल, तरी आजची संध्याकाळ हातची गेलेली नाही.

सूरह अत-तकासुरची अखेरची आयत सांगते, की त्या दिवशी देणग्यांविषयी अवश्य विचारले जाईल. घर, डोळे, कान, फुरसत, मुलेबाळे आणि खिशातील पैसा या सगळ्या देणग्या या एका पडद्यासमोर रोज एकत्र येतात. अल्लाह आपल्या घरांना विसाव्याचे ठिकाण ठेवो, आपली कमाई व्याजापासून आणि आपली नजर निषिद्धापासून सुरक्षित राखो, आणि आपल्या संततीला आपल्या डोळ्यांची शीतलता बनवो. आमीन.